मुंग्यांचा वाढदिवस: दोन वर्षांच्या लेकीसाठी घरच्या घरी काय काय करता येईल?

भिंगरी

लेक पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होतेय. वाढदिवस घरीच करायचा आणि जमेल तेवढं आपल्या हातांनी करायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. थीम काय ठेवणार, असं जो तो विचारतोय. तयार मिळणाऱ्या थीममधलं एकही पात्र तिच्या ओळखीचं नाही. ते आणून भिंती भरल्या तर तो वाढदिवस आमचा होईल, तिचा नाही.

तिला खरं वेड आहे ते मुंग्यांचं. रांग दिसली की उकिडवी बसते, हात गुडघ्यांवर, आणि हलत नाही. एखादी मुंगी काही ओढत चालली असेल तर तिच्यामागून भिंतीपर्यंत रांगत जाते आणि "मुमी गेई" म्हणत ती फट आम्हाला दाखवते. म्हणून मुंग्यांचाच वाढदिवस करावा असं मनात आहे.

येणारी मुलं पाच-सहा, दीड ते तीन वर्षांची. शिवाय सहा वर्षांचा एक आतेभाऊ आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. सजावट, खेळ, केक, वेळ, सगळ्यावरच सुचवा. एक विनंती, जे सुचवाल ते दोन वर्षांच्या मुलीला खरंच करता येईल असं असू दे.

डबाबाटली

मुंग्या! किती छान. आणि तुमची शेवटची ओळ तर अगदी पटली.

मी आधी वेळेचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. या वयाच्या मुलांना दीड तास खूप होतो, दोन तास म्हणजे शेवट. दुपारच्या झोपेला धक्का लावू नका. एकतर सकाळी न्याहारी झाल्यावर ठेवा, नाहीतर दुपारी झोप काढून उठल्यावर. आमंत्रणात 'किती वाजता या' याच्याइतकंच ठळक 'किती वाजता संपेल' हेही लिहा. येणाऱ्या आयांना त्याचा फार आधार वाटतो, त्यांनाही आपापल्या पिल्लांच्या झोपेचं गणित जमवायचं असतं.

क्रम असा ठेवा: आल्या-आल्या अर्धा तास मोकळं खेळणं, मग एखादी ठरवलेली गोष्ट, पाऊण तासाच्या आत केक, आणि नंतर साबणाचे फुगे किंवा नुसता धुडगूस. केक शेवटी ठेवला की तोवर अर्धी मुलं रडवेली झालेली असतात आणि उत्सवमूर्ती कडेवरून उतरत नाही.

मुलांची संख्या किती असावी याला 'वय अधिक एक' असा ठोकताळा आहे. दोन वर्षांच्या मुलीला तीन पाहुणे. तुमचे पाच-सहा आहेत, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस असेल तर निभेल. त्याहून वाढवू मात्र नका.

सुतारपक्षी

भिंगरी, माझ्या डोळ्यांसमोर तर लगेच वारूळ उभं राहिलं. भिंतीवर चित्रं लावण्यापेक्षा मुलांना मुंगी होऊन आत शिरता येईल असं काही करा. माझ्या दोन्ही मुलांच्या वाढदिवसांना मी खोक्यांचीच कामं केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रिज, वॉशिंग मशीन असल्या मोठ्या वस्तूंचे खोके ओळखीच्यांना सांगून आत्तापासून जमवा. तीन-चार पुरतील. आधी सगळ्या पिना पक्कडीने उपटून काढा. त्या पुठ्ठ्यात रुतलेल्या असतात आणि रांगताना नेमक्या गुडघ्याला लागतात. बोगद्याचं तोंड साधारण ५० सेंमी रुंद ठेवा, म्हणजे मूल रांगत सहज जाईल आणि वेळ पडली तर मोठ्यांना खांद्यापर्यंत आत शिरता येईल. पन्हळी पुठ्ठा कापताना करवतीच्या दातांची पाव कापायची सुरी चांगली चालते. पन्हळीच्या दिशेने सरळ जाते, आडवं कापताना मात्र घाई करायची नाही. आणि हे काम मुलं झोपल्यावर.

कापलेल्या प्रत्येक कडेवर कापडी टेप दुमडून लावा. पुठ्ठ्याची कड दिसते मऊ, पण कागदासारखीच कापते. वरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी भोकं पाडा. त्यातून उजेडाचे कवडसे आत पडतात, मुलांना अंधाराची भीती वाटत नाही आणि तुम्हालाही मूल दिसत राहतं. बोगदा दोन्ही टोकांना उघडा हवा, आणि इतकाच लांब की कुठल्याही टोकातून हात घालून मुलाला धरता येईल. झाकण, कडी, दोरी असलं काहीही नको.

आता गंमत. मुंग्यांच्या घरात वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या खोल्या असतात. तुम्हीही तसंच करा. एका खोक्यात धान्याचं कोठार. दुसऱ्यात पाळणाघर, तिथे पांढऱ्या अभ्र्यांच्या छोट्या उशा. मुंग्या तोंडात धरून नेतात ती पांढरी 'अंडी' बहुतेक वेळा अळ्या किंवा कोष असतात, हे सहा वर्षांच्या भावाला सांगा, तो उरलेला दिवसभर सगळ्यांना सांगत फिरेल. तिसरी राणीची खोली, तिथे नुसती एक गोधडी. दमलेलं मूल आपोआप तिथे जाऊन लोळेल.

बाहेरून रंगवायला घेऊ नका. तपकिरी पुठ्ठा हाच मातीचा रंग.

भिंगरी

सुतारपक्षी, वाचता वाचताच नवऱ्याला हाक मारली. आता आमच्याकडे खोके मागायची मोहीम सुरू होणार! कोठारात धान्य म्हणून काय ठेवू? आणि खेळ कोणते घ्यायचे? संगीत खुर्ची वगैरे या वयाला जमेल का?

मधली_सुट्टी

मी बालवाडीत शिकवते. संगीत खुर्ची नको, आणि जिंकणं-हरणं असलेलं काहीच नको. ज्याची खुर्ची जाते त्या दोन वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की मला खेळातून उठवलं.

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. त्यातला एक म्हणजे समांतर खेळ. दोन मुलं शेजारी बसतात, एकाच तऱ्हेच्या वस्तूंनी खेळतात, पण एकमेकांबरोबर खेळत नाहीत. आपापलं खेळतात, मधूनच शेजाऱ्याकडे बघतात, त्याचं बघून आपलं बदलतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचा बराचसा खेळ असाच असतो. म्हणून 'चला मुलांनो, सगळे गोल करा' असं म्हणून मोठी माणसं दमतात आणि मुलं चहूकडे पांगतात. त्यात मुलांचं काही चुकत नाही.

तेव्हा खेळ असा मांडा की प्रत्येकाला तो एकट्यानेही खेळता यावा आणि शेजारी कुणी असलं तर जास्त मजा यावी. मुंग्यांची थीम याला इतकी चपखल आहे! बऱ्याच जातींच्या मुंग्या चालताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत गंधाची रेघ ओढत जातात आणि मागच्या मुंग्या त्या वासावरून येतात, म्हणून रांग दिसते. तुम्ही जमिनीवर रंगीत कागदी टेपची वळणावळणाची रेघ काढा. एका टोकाला अन्नाची रास, दुसऱ्या टोकाला सुतारपक्षी सांगताहेत ते वारूळ. मुलांनी राशीतून एक-एक वस्तू उचलायची, रेघेवरून न्यायची आणि कोठारात टाकायची. बस्स. नियम नाहीत, पहिला नंबर नाही. रेघ सोडून गेलं तरी चालतं.

अन्न म्हणून मोज्यांचे गोळे करा, भांडी घासायचे नवे स्पंज पानाच्या आकारात कापा, रिकामे पण मोठे डबे ठेवा. एखादी वस्तू मुद्दाम आकाराने मोठी आणि वजनाने हलकी हवी, म्हणजे मोठी उशी. या वयाच्या मुलांना आपल्यापेक्षा मोठी वस्तू उचलण्यात फार पुरुषार्थ वाटतो. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझं नेते, तशी ती उशी कवटाळून, पुढचं काही दिसत नसताना चालत जातात. तो चेहरा बघण्यासारखा असतो.

सगळ्या वस्तू भरपूर ठेवा, एकसारख्या ठेवा. एकच लाल गोळा असला की भांडण झालंच म्हणून समजा. आणि रास संपली की कोठारातलं सगळं हळूच परत राशीत आणून टाकायचं काम भावाला द्या. सहा वर्षांच्या मुलाला काम दिलं की तो कुणाला ढकलत नाही.

चिमणचारा

सगळं वाचून मलाच दोन वर्षांचं व्हावंसं वाटतंय. मी जरा काळजीचं लिहिते, कारण घरी बनवलेल्या सजावटीत धोके आपल्याच हातून आत येतात.

सर्वात आधी रबरी फुगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर तो घशात पडद्यासारखा बसतो, श्वास पूर्ण बंद होतो आणि काढायलाही कठीण. अमेरिकेत तर फुग्यांच्या पाकिटावर ८ वर्षांखालच्या मुलांसाठी हा इशारा छापणं सक्तीचं आहे. दोन वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात रबरी फुगे नकोतच असं माझं स्पष्ट मत आहे.

छोट्या वस्तूंसाठी घरगुती चाचणी: टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. जी वस्तू त्यातून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी नको. खेळण्यांच्या तपासणीत वापरतात ती नळी सुमारे ३.२ सेंमी व्यासाची असते, ही त्याहून थोडी मोठी, म्हणजे आपण जास्तच सावध राहतो. चिकटवायचे हलते डोळे, मणी, टिकल्या, लोकरीचे बारीक गोंडे सगळे यात बाद. मुंगीचे डोळे रंगवा, चिकटवू नका.

मिशांच्या पट्ट्या (मुंगीच्या डोक्यावरच्या शृंगिका, कुणीतरी सुचवणारच!) करायच्या तर आत तार असलेल्या केसाळ काड्या वापरू नका. तारेचं टोक शेजारच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतं. कागदाची पट्टी पंख्यासारखी घडी घालून लावा. आणि बरीच मुलं डोक्यावर काही ठेवूच देत नाहीत, तेव्हा आग्रह नको.

शेवटचं म्हणजे बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या. दिव्यांच्या छोट्या माळा, लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या, गाणारी शुभेच्छापत्रं यांत त्या असतात. गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ज्याच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ते घरात आणूच नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इस्पितळ गाठायचं, वाट बघायची नाही.

झुंजूमुंजू

चिमणचारा, बाकी सगळं मान्य. पण फुग्यांशिवाय वाढदिवस म्हणजे आजी-आजोबांनाही चुकल्यासारखं वाटेल हो. आमच्याकडे उंचावर बांधतो, पोरांचा हात पोचत नाही. तेवढं चालायला हरकत नसावी.

चिमणचारा

झुंजूमुंजू, उंचावर बांधलेला फुगा कधीतरी खाली येतोच, आणि फुटला की त्याचे तुकडे कुठेही उडतात. सोफ्याखाली गेलेला तुकडा दुसऱ्या दिवशी रांगणाऱ्या मुलाला सापडतो. मोठ्यांना फुगे हवेच असतील तर मुलं यायच्या खोलीत नको, दाराबाहेर लावा आणि पाहुणे गेले की मोजून उतरवा. आत कागदाचे गोळे टांगा. मला आजी-आजोबांचं मन मोडायचं नाहीये, पण इथे मला मधला मार्ग दिसत नाही.

मधली_सुट्टी

चिमणचारा यांना अनुमोदन. फुगा फुटल्याच्या आवाजाने एक मूल दचकून रडलं की बाकीचीही रडतात, हेही एक.

घोटीव कागदाच्या पताका करा. कागद चौकोनी कापून कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे घडी घालायची, घडीत दोरा घ्यायचा आणि आतून खळ लावून चिकटवायचं. कणकेची खळ घरी दोन मिनिटांत होते, आणि लेकीलाही ब्रश देऊन कामाला बसवता येतं. तिची पताका वाकडी लागेल, ती तशीच लावा.

सांजवात

भिंगरी, मी तुझ्या आईच्या वयाची असेन, म्हणून अगं-तुगं करते. केकचं माझ्याकडून ऐक.

मुंगीच्या शरीराचे तीन भाग: डोकं, मधला भाग आणि पोट. तीन गोल केक भाज. पोटाचा मोठ्या पसरट वाडग्यात, डोक्याचा मध्यम वाटीत, मधला सगळ्यात लहान. वाडगे ओव्हनमध्ये चालणारे, स्टीलचे घे. तूप-मैद्याचा हात नीट फिरव, नाहीतर बुडाला धरतो. आदल्या दिवशी भाजून, पूर्ण निवल्यावर घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव. गार केक कापला तर चुरा कमी पडतो. क्रीमचा आधी एक पातळ हात दे, अर्धा तास गार कर, मग दुसरा हात. पहिल्या हातात चुरा अडकतो आणि वरचा थर स्वच्छ येतो.

रंगासाठी कोको पुरे, बाजारचा काळा रंग नको. दुसरे रंग हवे असतील तर एक लक्षात ठेव. बीटचा रस केकच्या मिश्रणात घातला आणि त्यात खायचा सोडा असला तर भाजल्यावर गुलाबी जाऊन तपकिरी होतो. हळद सोड्याबरोबर लालसर होते. म्हणून असले रंग वरच्या क्रीममध्ये घालायचे, आणि बीटबरोबर लिंबाचे दोन थेंब, की गुलाबी टिकतो.

पाय सहा, आणि सहाही मधल्या भागाला, पोटाला नव्हे! मुंग्या इतक्या बघणारी पोर आहे, तिचा केक बरोबर असलाच पाहिजे. पाय म्हणून काड्या किंवा कडक गोळ्या खोचू नकोस, ताटातच कोकोच्या क्रीमने रेघा ओढ.

येणाऱ्या प्रत्येक आईला आधी विचारून घे, दूध, अंडं, गहू, दाणे, तीळ, कशाचा त्रास आहे का. एक वर्षाखालचं भावंड येणार असेल तर मध असलेलं काही त्याच्या हाती लागू देऊ नकोस, त्या वयात मधातून विषबाधेचा धोका असतो. द्राक्षं असतील तर उभी चिरून चार फोडी. लाह्या, अख्खे दाणे, कडक गाजराच्या चकत्या नकोत. आणि खायला सगळ्यांना खाली बसवायचं. तोंडात घास आणि बोगद्यात रांगणं हे एकत्र होता कामा नये.

डबाबाटली

सांजवातकाकू, केळ्याच्या फोडींवर मनुका लावून मुंग्या केल्या तर? दिसायला गोड दिसतील.

सांजवात

दिसतील गं, पण मनुका चिवट असतात, दीड वर्षाच्या बाळाला अडकू शकतात. फोडींवर दाट कोकोचे तीन-तीन ठिपके दे. तेवढ्याने मुंगी होते.

निवांत

एक वेगळी बाजू. माझा मुलगा गर्दीला आणि आवाजाला फार बिचकतो. सगळ्यांनी एकदम मोठ्याने गाणं म्हणायला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली की त्याचा चेहरा उतरतो. हे पुष्कळ मुलांचं होतं. ओळखीची दहा माणसं एकाएकी एकाच दिशेने बघत ओरडू लागली तर दोन वर्षांच्या जिवाला काय वाटेल? म्हणून गाणं हळू आवाजात, बसून, ती आई-बाबांच्या मांडीवर असताना म्हणा. खोलीतले दिवे घालवू नका. मेणबत्ती एकच, तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर, आणि केस बांधलेले.

मोठ्या माणसाने मुंगीचा मुखवटा घालून येऊ नये, हेही सांगून ठेवते. लहान मुलं ओळखीचा चेहरा झाकला गेला की घाबरतात, आत बाबाच आहे हे त्यांना माहीत असलं तरी.

आणि या वयाला 'सरप्राइज' लागत नाही. खोके, टेपची रेघ, पताका हे सगळं आठवडाभर आधीपासून घरात असू दे, तिला खेळू दे. त्या दिवशी घरात नवीन फक्त माणसं असतील, मग ती बावरणार नाही.

सुतारपक्षी

निवांत यांचा हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शिवाय आठवडाभर वापरल्याने खोका कुठे फाटतोय, कुठे हलतोय तेही कळेल आणि दुरुस्तीला वेळ राहील.

भिंगरी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की काय बोलू. फुगे नाहीत, हे ठरलं. आजोबांना कारण सांगितलं, ते लगेच 'मग कागदाचे गोळे मी करतो' म्हणाले.

आमंत्रणं करून झाली. लेकीचं बोट तपकिरी रंगात बुडवून कागदावर एकापुढे एक तीन ठसे घेतले, मधल्या ठशाला पेनने सहा पाय काढले, पुढच्याला दोन मिशा. झाली मुंगी! प्रत्येक कार्डावरची वेगळी. एका कार्डावर तिने चौथा ठसाही दिला, तो त्या मुंगीच्या तोंडातला साखरेचा दाणा झाला.

येणाऱ्या मुलांना परत जाताना काय द्यावं? प्लॅस्टिकची खेळणी नकोत.

मधली_सुट्टी

खेळायची मळलेली माती घरी करून डब्यात द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. सगळं कढईत एकत्र करून मंद आचेवर हलवत राहायचं. आधी पिठल्यासारखं होतं, मग एकदम कडा सोडून गोळा होतो. तेव्हा उतरवून, कोमट झाल्यावर मळायचं. हवाबंद डब्यात काही आठवडे टिकते. थोडा कोको घातला की वारुळाच्या मातीचा रंग आणि वासही, पण तो वास येतो म्हणून तोंडात घालायचा मोह जास्त, तेव्हा लहानग्यांसाठी बिनवासाचीच करा. मीठ खूप असतं. डब्यावर 'खाण्यासाठी नाही' अशी चिठ्ठी लावा, आणि घरी कुत्रा असेल तर त्याच्यापासून दूर ठेवायला सांगा. कुत्र्यांना एवढं मीठ घातक ठरतं.

चिमणचारा

भिंग द्यावंसं वाटेल, पण या वयाला ते मोठ्यांच्या हातातच बरं. काच फुटते, आणि उन्हात धरलं तर चटका बसतो.

अंगणात किंवा बागेत करणार असाल तर बसायच्या जागी खऱ्या मुंग्यांचं वारूळ नाही ना ते आदल्या दिवशी बघून घ्या. काही जाती कडाडून चावतात, आणि सांडलेल्या केकवर त्या येणारच.

भिंगरी

झाला वाढदिवस. आठवण ताजी आहे तोवर लिहिते.

रेघ आणि रास, हा खेळ जवळजवळ पूर्ण वेळ चालला. कुणी सांगितलं नाही, कुणी बोलावलं नाही. एकाने मोज्याचा गोळा नेला, ते बघून दुसरीने नेला, आणि बघता बघता खरीखुरी रांग लागली. दीड वर्षाचा एक पठ्ठ्या एकच गोळा घेऊन उलटसुलट फिरत राहिला, टाकायला तयारच नाही. मधली_सुट्टी, मोठ्या उशीचं तुम्ही लिहिलं होतं ते शब्दशः घडलं. आतेभाऊ राशीचा कारभारी झाला. सगळ्या कामकरी मुंग्या मुली असतात, हे कुणीतरी सांगितल्यावर तो जरा विचारात पडला आणि मग म्हणाला, मी आजपुरता मुलगी.

केकच्या वेळी लेक राणीच्या खोलीत गोधडीवर पालथी पडली होती, बाहेर यायला तयार नव्हती. मग केकच बोगद्याच्या तोंडाशी नेला, सगळे जमिनीवर बसलो आणि हळू आवाजात गाणं म्हटलं. ती आतून बघत होती. गाणं संपल्यावर आपली आपण रांगत आली आणि केककडे बोट दाखवून म्हणाली, "मुमी." सांजवातकाकू, तिने पायांना बोट लावलं. सगळ्यांना, एकेक करून.

दीड तासाने पाहुणे निघाले तेव्हा एकच मूल रडत होतं, तेही वारूळ सोडून जायचं म्हणून.

सांजवात

वाचून डोळे भरून आले गं. पोरीला खूप आशीर्वाद.

झुंजूमुंजू

भिंगरी, मस्तच. आमच्या धाकट्याचा तिसरा वाढदिवस जवळ आलाय, यंदा फुगे नाहीत असं घरी जाहीर केलंय. त्याला लिफ्टचं वेड आहे. दार उघडलं, बंद झालं, आकडा बदलला, की स्वारी खूश. सुतारपक्षी, खोक्यात लिफ्ट जमेल का?

सुतारपक्षी

जमेल की, फार छान जमेल! मूल उभं राहील एवढा खोका घ्या. दार बिजागरीचं नको, सरकतं करा. खोक्याच्या पुढच्या बाजूला वर आणि खाली पुठ्ठ्याच्या दुहेरी पट्ट्या चिकटवून खाच तयार करा आणि त्यात वेगळा पुठ्ठा सरकवा. दार बाहेरच्या अंगाला राहील. धरायला मुठीएवढं भोक पाडा. पुठ्ठा हलका असल्यामुळे बोट मध्ये आलं तरी चेमटत नाही. उजेडासाठी वरचं झाकण पूर्ण कापून टाका, आणि मागची बाजूही मोकळी ठेवा म्हणजे मूल अडकणार नाही.

बटणं रंगवा, चिकटवू नका. मूल आत गेलं, बटण दाबलं, दार लागलं, की बाहेर कुणीतरी पटकन देखावा बदलायचा. एकदा दार उघडल्यावर आजी चादर पांघरून झोपलेली, एकदा समोर उशांचा डोंगर, एकदा ताई साबणाचे फुगे सोडतेय. प्रत्येक मजल्यावर वेगळं काहीतरी. तीन वर्षांच्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत थोडं थांबता येतं, तरी पाच-सहा मुलं येणार असतील तर दोन लिफ्ट करा. दुसऱ्या खोक्याला दार नसलं तरी चालेल, त्यावर पडदा लावा.